जन्मदात्यांचा हक्क कुठे संपतो?

पोटच्या मुलावर अत्याचार करणाऱ्या बापाला वीस वर्षे तुरुंगात ठेवण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. त्याचे पालकत्व कायमचे काढून घेण्याचा सरळ मार्ग मात्र नाही. बीड जिल्ह्यासारख्या भागात, जिथे बालविवाह, ऊसतोडीचे स्थलांतर आणि दूर असलेली सरकारी यंत्रणा यांची गाठ पडते, तिथे या त्रुटीची किंमत मुलांनाच मोजावी लागते.

सिरसाळा (जि. बीड), विशेष प्रतिनिधी

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मधील सहावे कलम वाचले, की वाचणारा क्षणभर थबकतो. अज्ञान मुलाचा किंवा अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई, असे हे कलम सांगते. हे पालकत्व कधी संपते, याचेही उत्तर त्यातच आहे. वडिलांनी हिंदू धर्म सोडला किंवा वानप्रस्थ वा संन्यास घेऊन संसाराचा कायमचा त्याग केला, तर त्यांना नैसर्गिक पालक म्हणून वागता येत नाही. यादी येथे संपते. मुलाला चटके देणारा, उपाशी कोंडून ठेवणारा किंवा पोटच्या मुलीवर हात टाकणारा बाप या यादीत नाही. भगवी वस्त्रे घातली तर पालकत्व जाते. मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त केले तर ते आपोआप जात नाही.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि ते बीडच्या वाचकाला अधिक बोचावे असे आहे. विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक कोण, तर तिचा नवरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी जवळपास ४४ टक्के जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. राज्याची सरासरी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २२ टक्के आहे. म्हणजे ज्या बापाने कायदा मोडून मुलीचे लग्न लावले, त्याने १९५६ च्या कायद्याच्या नजरेतून तिचे पालकत्वही हस्तांतरित केले, आणि ते ज्याच्याकडे गेले, तो २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली आरोपी ठरू शकतो. एका कायद्याने आरोपी आणि दुसऱ्याने पालक, असा हा अजब प्रकार आहे.

अंबाजोगाईचा धडा

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. अंबाजोगाई परिसरातील एका अल्पवयीन मुलीने पोलिसांना दिलेल्या जबाबात सहा महिन्यांत सुमारे चारशे जणांनी आपल्यावर अत्याचार केल्याचे सांगितले. त्यांत एका पोलिसाचाही समावेश असल्याचा तिचा आरोप होता. वृत्तवाहिन्यांनी चारशे हा आकडा उचलला, दोन-तीन दिवस चर्चा झडल्या आणि कॅमेरे दुसरीकडे वळले. त्या आकड्याच्या मागची कहाणी मात्र फारशी कोणी उलगडली नाही. आई वारलेली, वडिलांनी अल्पवयातच लग्न लावून दिले, सासरी छळ झाला, माहेरी परतल्यावर आधार मिळाला नाही, आणि पोट भरण्यासाठी मुलगी अंबाजोगाईला आली. तेथे जे घडले तो गुन्हा होताच. पण त्याआधी तिच्या आयुष्यातील दोन 'पालकां'नी, आधी वडिलांनी आणि मग सासरच्यांनी, तिला वाऱ्यावर सोडले होते. या मधल्या काळात तिचे पालकत्व कोणाकडे आहे, हे कोणत्याही सरकारी कार्यालयाने विचारले नाही. विचारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे गावपातळीवर आजही स्पष्ट नाही.

मायबापच भक्षक ठरल्याची प्रकरणे केवळ मागास भागांत घडतात, असा शहरी वाचकाचा समज असेल तर त्याने मीरा रोडचे २००९ चे प्रकरण आठवावे. मांत्रिकाच्या सल्ल्यावरून, घरात भरभराट यावी म्हणून, वडिलांनी मुलीवर वर्षानुवर्षे अत्याचार केल्याचा आणि आईची त्याला संमती असल्याचा आरोप तेव्हा पुढे आला होता. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक पाहणीत महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलण्यात आले होते. कुटुंबात मारहाण सोसणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८९ टक्के मुलांनी मारणारे आई-वडीलच असल्याचे सांगितले होते. 'छडी लागे छमछम'च्या संस्कारात वाढलेल्या समाजाला त्यात विशेष काही वाटले नाही, हा भाग वेगळा.

कागदावरची वाट

आता कायद्याची वाट प्रत्यक्षात कशी जाते, ते पाहू. सिरसाळा हे परळी तालुक्यातील, परळी-बीड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. येथे पोलीस ठाणे आहे. समजा, परिसरातील एखाद्या शाळेत सहावीतल्या मुलीने बाईंना सांगितले, की वडील आपल्याशी वाईट वागतात. पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार बाईंनी ही माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांनी गुन्हा नोंदवून चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे. आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर मुलीला समितीपुढे हजर करायचे आणि समितीने तीन दिवसांत ठरवायचे, की तिला घरातून बाहेर काढायचे की नाही. हा तीन दिवसांचा नियम उत्तम आहे; मुलीचे म्हणणे ऐकून घ्यावे, आईची तिला सांभाळण्याची कुवत पाहावी, हेही त्यात नमूद आहे.

मात्र समिती जिल्ह्याच्या ठिकाणी. सिरसाळ्याहून तेलगाव, वडवणी करीत बीड गाठायचे. वैद्यकीय तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नेमकी उलटी दिशा. मुलीसोबत जाणार कोण? बहुधा आई. तिची रोजची मजुरी बुडणार, गावात बोभाटा होणार, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो घरातील एकमेव कमावता पुरुष. कायद्याने ठरवलेले चोवीस तास आणि तीन दिवस या हिशेबात कुठेतरी हरवतात.

पुढचा टप्पा बाल न्याय कायद्याचा. २०१५ चा हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आई किंवा वडील मुलाचा सांभाळ करण्यास अपात्र असल्याचे बालकल्याण समितीला आढळले, तर ते मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' ठरते. सोबत राहणाऱ्या व्यक्तीने त्याला इजा केली असेल, त्याचा छळ वा गैरवापर केला असेल, तरीही. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. चार महिन्यांत चौकशी पूर्ण करून मुलाला बालगृहात ठेवण्याचा, योग्य व्यक्तीकडे किंवा प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवण्याचा, नाहीतर देखरेखीखाली घरी परत पाठवण्याचा आदेश ती देऊ शकते.

येथवर सारे ठीक. पण पालक 'अपात्र' ठरवणे आणि त्याचे पालकत्व संपवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समिती ताबा बदलते. नाते आणि त्यातून येणारे हक्क तसेच राहतात. कायद्याच्या चाळिसाव्या कलमानुसार बालगृहाचे मुख्य उद्दिष्टच मुलाचे पुनःस्थापन, म्हणजे शक्यतो कुटुंबात परतवणे, हे आहे. सर्वसाधारण प्रकरणांत हे तत्त्व योग्यच. घर सोडून पळालेला, जत्रेत हरवलेला मुलगा घरी परतावा, हे कोणालाही पटेल. पण तेच तत्त्व बापाने अत्याचार केलेल्या मुलीलाही लागू होते आणि मग दर सुट्टीला, दर सणाला 'घरी कधी सोडता?' हा नातेवाइकांचा प्रश्न बालगृहाच्या दारात उभा राहतो. साक्ष फिरवण्यासाठी दबाव आणण्याची याहून सोयीची जागा दुसरी नाही.

दत्तक जाण्याची वाटही बंद

नात्याचा कायदेशीर शेवट आपल्याकडे एकाच प्रकारे होतो, तो म्हणजे दत्तकविधानाने. दत्तकाचा आदेश झाला, की जन्मदात्या कुटुंबाशी असलेले सारे संबंध तुटतात, असे बाल न्याय कायद्याचे त्रेसष्टावे कलम स्पष्ट सांगते. मात्र त्यासाठी मूल आधी 'दत्तक देण्यास मुक्त' घोषित व्हावे लागते. कायद्याने ही मुभा मुख्यतः तिघांसाठी ठेवली: अनाथ, सोडून दिलेले आणि आई-वडिलांनी रीतसर सुपूर्द केलेले मूल. सोडून दिलेले बाळ दोन वर्षांच्या आतील असेल तर दोन महिन्यांत, मोठे असेल तर चार महिन्यांत घोषणा व्हावी. सुपूर्द करणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने द्यावेत, असे तपशीलवार नियम आहेत.

छळ झालेले मूल या तिन्हींत बसत नाही. त्याला कोणी सोडून दिलेले नाही. उलट आपला हक्क सोडायला कोणी तयार नाही. 'अपात्र पालकांची मुले' असा वेगळा वर्ग अलीकडच्या काळात सरकारी यादीत आला आणि २०२४ च्या प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सहा वर्षांवरील अशा मुलांना प्रतिपालक कुटुंबात ठेवता येईल, एकट्या स्त्री-पुरुषांनाही अशी जबाबदारी घेता येईल, दोन वर्षांनंतर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येईल, असे म्हटले आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण मूळ पालकांचा हक्क कोणत्या निकषांवर, किती पुराव्यानिशी आणि कोणत्या न्यायपीठापुढे संपतो, हे सांगणारे कलम मूळ कायद्यात नसताना मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारावर किती मुले दत्तक जातील, याविषयी शंका बाळगावीच लागते. उद्या तुरुंगातून सुटलेला बाप न्यायालयात उभा राहिला, तर दत्तक घेणाऱ्या कुटुंबाने कशाच्या बळावर उभे राहायचे?

इंग्रजांच्या काळातला पालक व पाल्य अधिनियम, १८९० अजून लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती वा अन्य समाजांतील मुलांसाठी तोच आणि ज्याचा त्याचा वैयक्तिक कायदा. वडील अपात्र असल्याचे जिल्हा न्यायालयाचे मत झाले तर दुसरा पालक नेमता येतो. पण याच कायद्याच्या एक्केचाळिसाव्या कलमाचा आशय असा, की वडिलांची अपात्रता संपली असे न्यायालयाला वाटले, की नेमलेल्या पालकाचे अधिकार संपतात. थोडक्यात, हक्क गोठतो, मरत नाही. शिवाय या कायद्याखाली अर्ज करायचा तर वकील लावावा लागतो, आणि मुलीच्या वतीने तो लावणार कोण? गावाकडे मामा किंवा आजी. आजीला दर महिन्याच्या निराधार पेन्शनच्या भरवशावर जिल्हा न्यायालयात खेटे घालायला सांगणे ही थट्टाच.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र काळाच्या पुढे पाहिले आहे. आई-वडिलांचा हक्क नव्हे, तर मुलाचे कल्याण सर्वोपरी, हे सूत्र न्यायालयाने १९७३ पासून सातत्याने मांडले. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात 'वडिलांनंतर आई' यातील 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा नसून 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा लावला. मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करणारे वडीलही अनुपस्थितच, असे त्यातून ध्वनित झाले. परंतु हे खटले आई विरुद्ध वडील असे होते. विधी आयोगाचा मे २०१५ चा पालकत्वावरील २५७ वा अहवालही मुख्यत्वे विभक्त होणाऱ्या दाम्पत्यांच्या मुलांभोवतीच फिरतो. दोन्ही पालक नालायक असतील किंवा एक क्रूर आणि दुसरा दुबळा असेल, तर काय, या प्रश्नाकडे कायदेमंडळाने अद्याप नीट वळून पाहिलेले नाही.

सहीचा प्रश्न

हक्क गोठला काय आणि मेला काय, मुलाला फरक काय पडतो, असे कोणी विचारील. फरक पडतो, तो सहीच्या वेळी. शस्त्रक्रियेसाठी संमती, पारपत्र, जातीचा दाखला, बँकेचे खाते, अशा प्रत्येक ठिकाणी पालकाचे नाव आणि बहुतेक ठिकाणी त्याची सही लागते. अत्याचारग्रस्तांसाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आणली. तिचे पैसे मुलीच्या नावे जमा होतात. पण अज्ञानाचे खाते म्हटले, की पालक आलाच. आरोपी वडील आणि त्यांच्यावरच अवलंबून असलेली आई, यांतून बँकेने कोणाला 'पालक' मानायचे?

वारसाहक्काचेही तसेच. हिंदू वारसा कायद्यानुसार खून करणारा आपल्या बळीचा वारस होऊ शकत नाही. पण अत्याचार करणारा होऊ शकतो. अविवाहित मुलगी पुढे अपत्याविना मरण पावली, तर तिच्या मिळकतीचे वारस आई आणि वडील.

सर्वांत क्रूर विनोद त्याही पुढचा. वृद्ध आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने दिलेला आहे आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तो अधिक बळकट केला. विवाहित मुलीलाही वडिलांचा सांभाळ करावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटले, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातीलच होते. त्या प्रकरणात छळाचा प्रश्न नव्हता आणि निकाल आपल्या जागी योग्यही होता. मात्र जन्मदात्याच्या अत्याचारातून सावरून, शिकून, नोकरीला लागलेल्या मुलीच्या दारात तोच माणूस साठाव्या वर्षी पोटगीचा अर्ज घेऊन आला, तर त्याला तिथल्या तिथे परत पाठवणारे स्पष्ट वाक्य या कायद्यांत शोधूनही सापडत नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत आई-वडिलांचे हक्क न्यायालयाच्या आदेशाने कायमचे संपवण्याची पद्धत रूढ आहे. मूल मागील बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने सरकारी देखभालीत राहिले असेल, तर काही अपवाद वगळता सरकारने हक्क संपवण्याची कारवाई सुरू करावी, असे तेथील १९९७ चा कायदा सांगतो. पुराव्याची पातळीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये वर नेऊन ठेवली. साध्या संभाव्यतेवर पालकत्व काढता येत नाही. असे असूनही गरीब, कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी कुटुंबांचीच मुले अधिक संख्येने काढून घेतली जातात, ही टीका तेथे थांबलेली नाही. ऑस्ट्रेलियात तर मूळनिवासींची मुले पिढ्यान्‌पिढ्या पळवल्याबद्दल पंतप्रधान केविन रुड यांना फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेत माफी मागावी लागली.

नॉर्वेत २०११ मध्ये एका बंगाली दाम्पत्याची दोन मुले आणि बर्लिनमध्ये २०२१ मध्ये एका गुजराती दाम्पत्याची सात महिन्यांची मुलगी तेथील यंत्रणांनी ताब्यात घेतली, तेव्हा आपल्याकडे पक्षभेद विसरून संताप व्यक्त झाला. बर्लिन प्रकरणात आई-वडिलांविरुद्धची फौजदारी चौकशी बंद झाल्यावरही न्यायालयाने जून २०२३ मध्ये मुलीचा ताबा सरकारी यंत्रणेकडेच ठेवला. हा संताप समजण्यासारखा आहे. पण परक्या देशात भारतीय पालकांच्या हक्कांसाठी पेटून उठणारे आपण, स्वदेशातल्या भारतीय मुलांच्या हक्कांबाबत इतके थंड का, हेही कधीतरी तपासायला हवे.

गरिबी म्हणजे क्रौर्य नव्हे

असा कायदा आणताना सर्वाधिक सावधगिरी बाळगावी लागेल, ती बीडसारख्याच जिल्ह्यात. दिवाळीच्या सुमारास येथील गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि पाच-सहा महिने उसाच्या फडावरची पाचटाची कोपी. मुलांना सोबत न्यावे तर शाळा बुडते आणि फडावर धोका. म्हाताऱ्यांजवळ ठेवावे तर लक्ष कोण देणार? वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवण्याची भीती हे येथील बालविवाहाचे एक मोठे कारण आहे, हे येथे काम करणारे सगळेच सांगतात. कायद्याची फूटपट्टी कोरडेपणाने लावली तर या सगळ्या मुलांकडे 'दुर्लक्ष' होते असे लिहिता येईल. पण ते क्रौर्य नव्हे. ती पोटासाठीची फरफट आहे. परिस्थितीपुढे हतबल झालेल्या जन्मदात्यांनी मूल सोडले तर तो हेतुपुरस्सर छळ समजू नये, असे बाल न्याय कायद्याचे पंच्याहत्तरावे कलमही सांगते. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीचे 'शांतीवन' किंवा गेवराईचे 'बालग्राम' यांसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे अशा मुलांना आसरा दिला, तो आई-बापांशी नाते तोडून नव्हे.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचा वाईट इतिहासही आहे. गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्या जमातींमधील चार ते अठरा वयाच्या मुलांना आई-बापांपासून तोडून सुधारणागृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. मुलांचे 'भले' करणे हाच तेव्हाही हेतू सांगितला जात असे. १९५२ मध्ये तो कायदा गेला. पण सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंटची आठवण पारधी, कैकाडी, भामटा समाजांच्या जुन्या पिढ्यांनी जपली आहे. उद्या पालकत्व संपवण्याचा अधिकार सैल शब्दांत कोणा अधिकाऱ्याच्या हाती दिला, तर पहिली नोटीस बंगल्यात जाणार नाही, पारधी वस्तीवर जाईल.

आणि घरातून काढलेल्या मुलाला ठेवायचे कुठे? १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हापासून महाराष्ट्रात अनाथ आणि टाकलेल्या मुलांसाठी संस्थांची मोठी परंपरा निर्माण झाली. पण ती परंपरा आईच्या लाजेतून आणि दुष्काळातून निराधार झालेल्या मुलांची होती. आई-बाप जिवंत आणि घातक असलेल्या मुलांची नव्हती. शिवाय संस्था म्हणजे सुरक्षितता, हा भ्रम मुंबईतील अँकरेज निवाऱ्यांच्या प्रकरणाने आणि २०११ मध्ये उघडकीस आलेल्या पनवेलजवळच्या मतिमंद मुलींच्या बालगृहाच्या प्रकरणाने पुरता उतरवला आहे. बापाच्या घरातून काढलेली मुलगी अशा एखाद्या ठिकाणी पोहोचली, तर तिचे रक्षण केले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

म्हणून उपाय संस्था वाढवण्याचा नाही, कुटुंबे शोधण्याचा आहे. राज्याची बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालक कुटुंबाला दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. आज बालसंगोपनाचा लाभ बहुतांशी एका पालकाचे छत्र हरपलेल्या मुलांकडे जातो. तो जावाच, पण मावशी, आजी, मामा यांपैकी कोणी अत्याचारग्रस्त मुलीला सांभाळायला तयार असेल, तर तिला पहिल्याच महिन्यात ही मदत मिळायला हवी, फाइल मंजूर होईपर्यंतची वाट पाहायला लावून नव्हे.

कायदा हवा, पण अरुंद

तेव्हा संसदेने पालकत्व संपवण्याची तरतूद करावी, असे या प्रतिनिधीचे मत असले तरी ती मोजक्याच प्रकरणांसाठी असावी. पालकाने स्वतः केलेला लैंगिक अत्याचार, जिवावर बेतणारी इजा, मुलाची विक्री किंवा अशा कृत्यांना जाणूनबुजून दिलेली साथ, एवढ्यापुरतीच. बालकल्याण समितीने प्रस्ताव मांडावा, पण आदेश न्यायालयानेच द्यावा. पोक्सोचे विशेष न्यायालय दोषसिद्धीच्या दिवशीच, पुरावा समोर असताना, पालकत्वाचाही निर्णय देऊ शकेल. त्यासाठी मुलीला दुसऱ्या न्यायालयात दुसऱ्यांदा सारे सांगायला लावण्याची गरज नाही. खटला चालू असेपर्यंत आरोपी पालकाचे अधिकार आपोआप स्थगित राहावेत आणि सहीचा अधिकार कोणाकडे, हे त्याच आदेशात लिहिलेले असावे. मुलासाठी स्वतंत्र वकील असावा, त्याचे शुल्क विधी सेवा प्राधिकरणाने भरावे. दारिद्र्य, स्थलांतर, शाळाबाह्य असणे किंवा आईचे दुसरे लग्न यांपैकी काहीही हक्क संपवण्याचे कारण होऊ शकत नाही, हे कायद्यात शब्दांत लिहावे.

आईच्या बाबतीत अधिक विचार लागेल. नवऱ्याचे कृत्य माहीत असूनही गप्प राहिलेली प्रत्येक स्त्री साथीदार नसते. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ८०७ इतके खाली घसरले होते, ज्या परळीत २०१२ मध्ये स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणाने राज्य हादरले, तेथे मुलीची आई असणे हेच अनेकींसाठी सासरी अपराध ठरत आले आहे. बापाचा हक्क संपवताना तिला घर, रेशनकार्ड आणि रोजगार मिळाला नाही, तर ती तक्रारच करणार नाही. मग कायदा कितीही चांगला असो, सहावीतल्या मुलीचे बोलणे शाळेच्या भिंतीबाहेर येणार नाही.

आणि १९५६ च्या सहाव्या कलमाला तर नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. धर्मांतर आणि संन्यास यांच्या शेजारी 'अपत्याविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यात दोषसिद्धी' एवढे शब्द घालायचे आणि 'विवाहित मुलीचा पालक नवरा' हे वाक्य काढून टाकायचे, यासाठी एक छोटे दुरुस्ती विधेयक पुरेसे आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा १ नोव्हेंबर २००७ रोजी लागू झाला. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक सरकारला ती दुरुस्ती करता आली असती.

बाल न्याय कायद्याखालील बालगृहाचा आसरा अठराव्या वर्षी संपतो; त्यापुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण सेवेची सोय आहे. अंबाजोगाईच्या त्या मुलीने आता अठरावे वर्ष ओलांडलेले आहे. तिच्या वडिलांचे पालकत्व वय वाढल्यामुळे संपले असेल. कोणत्याही न्यायालयाला ते संपवण्याचा प्रश्न त्याआधी विचारावा लागला नाही.